वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी आली आहे. मी काय वाचू, आईला काय देऊ?

प्रश्न एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. दुसरीच्या वर्गात त्यांच्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली आहे. सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. चालत नाही, बोलणं तुटक आणि अस्पष्ट, हात आखडतात. आई तिला कडेवर घेऊन येते आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ताईंनी विचारलंय की अशा मुलांविषयी कोणती पुस्तकं वाचू, कोणता कोर्स करू, मराठीत काही आहे का, आणि आईच्या हातात काय देऊ.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे बसणं, खाणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी. बरीच वर्षं लहान मुलांसोबत काम करते आणि त्यातलं निम्मं काम शाळांमध्ये, वर्गात बसून होतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ताई, तुम्ही पुस्तक मागताय, पण तुमची खरी अडचण मला अशी दिसते: उद्या साडेदहाला ती आली की तिला कुठं आणि कशी बसवू, मी शिकवलेलं तिला कळलं हे मला कसं कळणार, आणि आईनं असं किती दिवस व्हरांड्यात बसायचं? याचं उत्तर बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. सीपीवरचं जे साहित्य सहज हाती लागतं ते आजाराबद्दल असतं. जन्मताना काय घडलं, मेंदूचा कोणता भाग दुखावला, प्रकार किती. ते वाचून माणूस शहाणा होतो, पण वर्गातला प्रश्न जागच्या जागी राहतो. दुसरं असं की थेरपिस्ट आईच्या हाती व्यायामाचा कागद देतो, प्रशिक्षणात शिक्षिकेला वेगळंच काहीतरी मिळतं, आणि या दोन गोष्टींची कधी गाठच पडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. काहीही वाचण्याआधी आईसोबत बसून या मुलीविषयीचं एक पान तयार करा. त्या पानावर जिथे जागा रिकामी राहील, तिथे तुम्हाला साहित्य हवं आहे. ते शोधणं मग सोपं जातं.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तिला आकडी येते का, तिची नजर आणि ऐकणं कधी तपासलं होतं का, खुब्यांचा एक्स-रे कधी काढला होता, यावर बरंच अवलंबून आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या सीपी संशोधक आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सीपी असलेल्या दर चार मुलांपैकी तिघांना अंगात वेदना होत होत्या, तिनातल्या एकाचा खुबा सरकलेला होता, चारातल्या एकाला आकडीचा त्रास होता. बौद्धिक अक्षमता दोघांतल्या एकाला होती. हा शेवटचा आकडा शिक्षकांनी उलट बाजूनेही वाचावा. निम्म्या मुलांना ती नव्हती. सीपीत मेंदूतून स्नायूंकडे जाणारा हुकूम बिघडतो, आणि तोच बिघाड जिभेच्या, ओठांच्या स्नायूंनाही होतो. त्यामुळे उच्चार न जमणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई म्हणते पोरीला सगळं समजतं. तपासणी होऊन वेगळं काही दिसेपर्यंत तुम्ही आईचं म्हणणं खरं धरून चाला. कळत असलेल्या मुलाला कळत नाही असं धरून वर्षं घालवली, तर ती परत आणता येत नाहीत.

आता ते पान. आईला लिहायला सांगू नका. तिनं बोलावं, तुम्ही लिहावं, तिच्याच शब्दांत. विचारायचं ते असं: ती 'हो' कसं सांगते, 'नाही' कसं? लघवी लागली हे तुम्हाला कशावरून कळतं? कुणाच्या मांडीवर, कशा बसण्यात तिचे हात मोकळे होतात? काय खाताना ठसका लागतो? कुठल्या आवाजाने दचकते? दचकली की अंग ताठ होतं का? दुखतंय हे कसं कळतं? औषध कोणतं, किती वाजता? कशानं खुदकन हसते? घरात कुणाशी खेळते? आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिला काय जमावं असं तुम्हाला वाटतं?

हे प्रश्न मी मनाने रचलेले नाहीत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड या केंद्रातल्या पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ मध्ये एक मांडणी केली. अपंग मुलाकडे पाहताना सहा गोष्टी पाहा: रोजची कामं, कुटुंब, शरीराची तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि पुढचं आयुष्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अपंगत्वाविषयीच्या २००१ च्या वर्गीकरणातून ती निघाली. तोवर सगळं लक्ष स्नायू सैल झाला का, सांधा सरळ झाला का याकडेच असायचं. माझ्या कामात या मांडणीने फार फरक पडला, कारण आई ज्या भाषेत मुलाविषयी बोलते तीच भाषा तिने कामाची ठरवली. आईच्या प्रत्येक वाक्यात तुम्हाला या सहांपैकी काहीतरी सापडेल.

दोन-तीन बैठका लागतील. पहिल्या दिवशी आई फक्त "काही नाही हो, ठीक आहे" म्हणेल. शाळेत तिला आजवर तक्रार ऐकायचीच सवय असते. तुम्ही लिहून घेताय हे दिसलं की ती बोलू लागते.

पान झालं की पहिला हात बसण्याला घाला. पुष्कळ शिक्षक पेन्सिलीपासून सुरुवात करतात. पण ज्या मुलाचे हात स्वतःला पडू न देण्यात गुंतलेत ते मूल लिहिणार कशानं? कंबर पुढे घसरली की पाठीला पोक येतो, मान खाली जाते, फळा दिसेनासा होतो आणि हात जमिनीला टेकवावे लागतात. म्हणून बघा: कंबर मागे पूर्ण टेकली आहे का, पाऊल कशावर तरी सपाट टेकलंय का, आणि समोरची पाटी ठेवायची जागा कोपराच्या उंचीला आहे का. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा विटा भरलेलं खोकं. गुडघे एकमेकांवर चढत असतील तर मध्ये टॉवेलची घडी. पट्टा लागलाच तर रुंद, मऊ, आणि मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथून आडवा. पोटावरून नको, छातीवरून तर नकोच. खुर्ची उलटणारी नको.

वर्गात सतरंजी असेल तर तिला दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवून बघा. समोर उंचसा चौरंग, पाय त्याच्याखाली. इथे एक गोष्ट हमखास निसटते. या मुलांच्या मांडीमागचे स्नायू बहुतेकदा आखडलेले असतात. जमिनीवर पाय पसरून बसवलं की ते कंबर मागे ओढतात आणि मूल पाठीवर पडू लागतं. सगळे म्हणतात हिला बसता येत नाही. घोंगडीची जाड घडी किंवा बुटका पाट खाली देऊन बूड चार बोटं उचलून बघा. पुष्कळदा तेच मूल सरळ बसतं आणि हात सुटतात. कोणत्याही बसण्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ठेवू नका. जागा बदला, थोडा वेळ पालथं झोपवून गोष्ट ऐकू द्या, आधाराने उभं राहण्याची सोय असेल तर उभं करा. अपंगांसाठी साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीच्या सीपी खुर्च्या समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या शिबिरांत मिळतात. मिळाली तर मापाची आहे का पाहून घ्या. मोठ्या मापाच्या खुर्चीत मूल घसरत राहतं, आणि खुर्ची आहे म्हणून कुणाचं लक्षही जात नाही.

दुसरी गोष्ट हो-नाही. तिचा एक पक्का 'हो' आणि एक पक्का 'नाही' ठरवा. डोळे वर, मान वळवणं, हात उचलणं, जे तिला सगळ्यात कमी कष्टात जमतं ते. घरी आणि शाळेत तोच. मग दोन पर्याय दोन हातांत धरा: "सात की नऊ?" ती नजरेने दाखवेल. प्रश्न विचारल्यावर थांबा, मनात दहापर्यंत मोजा. एवढं थांबणं सुरुवातीला फार अवघड जातं, वर्गात शांतता सहन होत नाही, आपण उत्तर सांगून मोकळे होतो. पण तिच्या शरीराला हुकूम पोचायला तेवढा वेळ लागतो. अक्षरं येत नाहीत म्हणून सोडून दिलेली मुलं मी अशा नजरेच्या खुणांनी वजाबाकी सोडवताना पाहिली आहेत, वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीने.

हो-नाही बसलं की चित्रांचा तक्ता: पाणी, शू, दुखतंय, पुन्हा सांगा, मला खेळायचंय, नको. 'पुन्हा सांगा' आणि 'नको' हे दोन विसरू नका. मोठी माणसं फक्त मुलाच्या गरजांची चित्रं लावतात, त्याच्या मताची लावत नाहीत. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो नावाचं ॲप मोफत आहे; चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. पण सुरुवात कागदाच्या तक्त्यापासून करा, कारण तो तिच्यासमोर दिवसभर राहील. फोन आईचा असतो आणि तो घरी जातो. वर्गातल्या पोरांना तक्ता दाखवून ठेवा. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात आणि मग मधल्या सुट्टीत ती एकटी पडत नाही.

जेवण, आकडी आणि शू याबद्दल थोडक्यात. खिचडी भरवताना मान मागे टाकू नका, हनुवटी किंचित खाली राहू द्या, पातळ द्रवापेक्षा थोडं घट्ट बरं पडतं. रोज ठसका लागत असेल किंवा वारंवार छाती भरत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यायला सांगा. ते वर्गात सोडवायचं काम नाही. आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका; कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत हवं, मदतनीस ताईंनाही. आणि शूला नेण्याची वेळ ठरवून टाका. पुष्कळ आया मूल शाळेत भिजेल म्हणून सकाळपासून पाणीच देत नाहीत. विचारून बघा.

तर क्रम असा धरा: पान, मग बसणं, मग हो-नाही. या तीन गोष्टी महिनाभर चालल्या की तुम्हाला काय वाचायचंय ते तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

आता साहित्य. तुमच्यासाठी पहिला आधार माणूस आहे, पुस्तक नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अपंग मुलांना सगळ्यांसोबत शिकवण्याचे, विशेष शिक्षक असतात. केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी करा आणि ते आले की पान त्यांच्यासमोर ठेवा. "या मुलीचं काय करू" असं विचारलं तर भाषण मिळतं. "चौरंगाची उंची बघून द्या" असं म्हटलं तर काम होतं. काही तालुक्यांत एकाकडे इतक्या शाळा असतात की भेट लवकर मिळत नाही. मग फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवून विचारा. व्हिडिओ आईला विचारूनच घ्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका.

एनसीईआरटीचं प्रशस्त हे ॲप आणि तपासणी-सूची शिक्षकांसाठी आहे. अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांची लक्षणं वर्गात कशी दिसतात हे त्यात प्रश्नांच्या रूपाने आहे. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. तुमच्या या मुलीचं निदान झालेलं आहे, त्यामुळे तिच्यासाठी त्याचा उपयोग कमी; पण वर्गात मागच्या ओळीत आणखी एखादं मूल असतंच, ज्याच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. सूची भरून निदान होत नाही, फक्त पुढे पाठवायचं की नाही हे कळतं, एवढं लक्षात असू द्या. दीक्षा या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर निष्ठा या शिक्षकांच्या प्रशिक्षणात समावेशित शिक्षणाचा भाग आहे, तो एकदा पाहून ठेवा. वेगळी पदविका करायची गरज मला आज दिसत नाही. एका मुलीसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केलात तर ती तोवर चौथीत गेलेली असेल.

चित्रांचं पुस्तक हवं असेल तर डेव्हिड वर्नर यांचं १९८७ चं 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' बघा. मेक्सिकोतल्या एका खेड्यात अपंग तरुणांनीच चालवलेल्या केंद्राच्या अनुभवातून ते झालं. इंग्रजीत आहे, वैद्यकीय माहिती आता जुनी झाली आहे, तरी लाकूड, बांबू, टायर यांतून आसनं आणि आधार कसे करायचे याची रेखाटनं गावातल्या सुताराला दाखवली तर त्याला कळतात. मी दाखवली आहेत. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेच्या छोट्या पुस्तिका आहेत: जेवणं, दात घासणं, कपडे घालणं, शौचाची सवय. त्या बौद्धिक अक्षमतेसाठी लिहिल्या असल्या तरी एक काम छोट्या पायऱ्यांत कसं मोडायचं हे त्यातून शिकण्यासारखं आहे, आणि चित्रं आपल्याकडच्या घरांची आहेत.

आईसाठी साहित्य निवडताना चौथी पास म्हणजे तिला कमी समजतं असं कृपा करून धरू नका. सात वर्षं तिनं या मुलीला जगवलंय, वाढवलंय. तिला लांब मजकूर नको, एवढंच. तिला सगळ्यात उपयोगी पडतो तिच्याच मुलीचा, तिच्याच घरातला व्हिडिओ: थेरपिस्ट मुलीला खालून कशी उचलते, खुर्चीत कशी बसवते. थेरपीला जाल तेव्हा एक मिनिट रेकॉर्ड करू द्या असं मागून घ्यायला तिला सांगा. चांगला थेरपिस्ट नाही म्हणत नाही. त्याच्या जोडीला दुसरी आई. तालुक्यात सीपी असलेल्या थोड्या मोठ्या मुलाची आई शोधून दोघींची भेट घालून द्या. डायपर कुठं स्वस्त मिळतो इथपासून सासरचे बोलले तर काय करायचं इथपर्यंत जे ती सांगेल ते मी सांगू शकत नाही.

यूट्यूबबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आई तेच पाहते. व्हिडिओत मूल स्वतः काही करतंय की मोठा माणूस त्याचे हातपाय ओढतोय, हे आधी बघायला शिकवा. सीपीच्या उपचारांचा पुरावा नोवाक यांनीच २०१३ मध्ये, आणि पुन्हा २०२० मध्ये, सिग्नलच्या रंगांत मांडला. मूल स्वतः, खऱ्या कामाचा, पुन्हा पुन्हा सराव करतं ते उपचार हिरव्यात आहेत: पेला उचलणं, खुर्चीवरून उठणं. दाबाखालच्या ऑक्सिजनचे उपचार लाल रंगात आहेत. स्टेम सेल (मूळपेशी) उपचारांच्या जाहिराती मराठीतही फिरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज तो नेहमीचा उपचार नाही. शेत विकून हे उपचार केलेली कुटुंबं माझ्याकडे येतात आणि मूल होतं तिथेच असतं. "तीन महिन्यांत चालू लागला" असं जिथे लिहिलंय तिथून आईला परत आणा, पण तिच्या आशेला नावं ठेवू नका.

तपासण्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येतंच. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथकाला सांगून जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. नजर, ऐकणं आणि खुब्यांचा एक्स-रे, तिन्ही मागा. न चालणाऱ्या मुलांत खुबा सरकण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि तो दुखू लागायच्या आधी एक्स-रेत दिसतो. मोठा प्रश्न निघाला तर मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजे ती तुमच्या वर्गात कुणाच्या मेहेरबानीवर बसलेली नाही. समग्र शिक्षामधून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि मुलींसाठीचा प्रोत्साहन भत्ता मागा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सीपी बसते, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो.

राहिली व्हरांड्यातली आई. पहिला महिना तिला आत घ्या, तुमची शिक्षिका म्हणून. बसवणं, शूला नेणं, भरवणं ती दाखवेल, तुम्ही आणि मदतनीस ताई शिकाल. मग अर्धा तास तिला घरी पाठवा, मग दोन तास. ती कायमची फुकटची मदतनीस होऊन बसली की सगळ्यांची सोय होते, पण तिची मजुरी बुडते आणि मुलगीही आईवाचून कुणाला काही सांगायला शिकत नाही.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला तीन गोष्टी कळवा: कोपऱ्यात, घोंगडीच्या घडीवर बसवल्यावर तिचे हात सुटतात का, तिचा 'हो' कोणता ठरला, आणि तिला आजवर कधी आकडी आली आहे का.